व्हॉट, व्हिच, हू, व्हेन... इंग्रजीतल्या प्रश्नार्थक शब्दांची जात कशी ओळखायची?

प्रश्न असा आहे: ‘व्हॉट’ला एका पुस्तकात सर्वनाम म्हटलंय, दुसऱ्यात विशेषण, आणि शब्दकोशात डिटर्मिनर. ‘व्हेन’ कुठे क्रियाविशेषण असतं, तर कुठे उभयान्वयी अव्यय. मग प्रश्नार्थक शब्द ही स्वतंत्र जात आहे का? आणि समोरच्या वाक्यात त्या शब्दाची जात कोणती, हे ठरवायचं कशावरून?

स्वतंत्र जात नाही. प्रश्नार्थक शब्द हा वेगवेगळ्या जातींतून वेचलेला गट आहे. ‘हू’ सर्वनाम, ‘व्हाय’ क्रियाविशेषण, आणि ‘व्हॉट’, ‘व्हिच’, ‘हूज’ हे तिघं दोन्हीकडचे: एकटे आले तर सर्वनाम, नामाला धरून आले तर डिटर्मिनर, म्हणजे शालेय व्याकरणातलं विशेषण. जात शब्दाला कायमची चिकटलेली नसते, वाक्यात तो कोणत्या जागेवर आहे त्यावरून ठरते. आता गोंधळ का होतो? इंग्रजीत हा शब्द आपली मूळ जागा सोडून वाक्याच्या तोंडाशी जाऊन बसतो म्हणून. मराठीत ‘तिने काय घेतलं?’ या वाक्यात ‘काय’ कर्माच्या जागीच राहतं. ‘व्हॉट डिड शी बाय?’ मध्ये मात्र ‘व्हॉट’ सगळ्यात पुढे आहे आणि ‘बाय’नंतरची कर्माची जागा रिकामी आहे. पुढे बसलेल्या शब्दाकडे बघत राहिलात तर काहीच कळत नाही. ती रिकामी जागा शोधावी लागते.

म्हणून पहिलं काम: प्रश्न मोडून साधं वाक्य करा. सहायक क्रियापद मागे न्या (‘डू, डज, डिड’ असेल तर ते काढून क्रियापदाचं रूप पूर्ववत करा) आणि प्रश्नार्थक शब्द त्याच्या मूळ जागी ठेवा. ‘व्हॉट डिड शी बाय?’चं होतं ‘शी बॉट व्हॉट’. ‘व्हॉट बुक डिड शी बाय?’चं होतं ‘शी बॉट व्हॉट बुक’. दुसरं काम: त्या जागी प्रश्नार्थक नसलेला, ओळखीचा छोटा शब्द घालून पाहा. ‘शी बॉट इट’ चालतं, म्हणजे पहिल्या वाक्यातलं ‘व्हॉट’ सर्वनाम. दुसऱ्यात ‘शी बॉट इट बुक’ चालत नाही, ‘शी बॉट धिस बुक’ चालतं, म्हणजे तिथलं ‘व्हॉट’ डिटर्मिनर. ‘व्हेअर डिड शी गो?’ मध्ये ‘शी वेंट देअर’ बसतं. ‘देअर’ क्रियाविशेषण, तसंच ‘व्हेअर’ही. ‘व्हेन’साठी ‘देन’ घाला, ‘हू’साठी ‘ही’ किंवा ‘हिम’, ‘हूज बॅग’साठी ‘हिज बॅग’. ‘व्हाय’ला असा एका शब्दाचा जोडीदार नाही, तिथे ‘फॉर दॅट रीझन’ घालावं लागतं. ‘व्हॉट–दॅट’, ‘व्हेअर–देअर’, ‘व्हेन–देन’ या जोड्या भाषेतच तयार आहेत, त्यामुळे ही कसोटी लक्षात ठेवायलाही जड जात नाही.

याच्याऐवजी एक सोपी युक्ती सर्रास शिकवली जाते: उत्तरात नाम आलं तर प्रश्नार्थक शब्द सर्वनाम, उत्तरात विशेषण आलं तर विशेषण. ही युक्ती टाकून द्या. ‘व्हॉट डज शी डू?’ला उत्तर येतं ‘शी टीचेस’, म्हणजे क्रियापद. म्हणून ‘व्हॉट’ क्रियापद होत नाही. ते ‘डू’चं कर्म आहे आणि सर्वनामच आहे. ‘व्हेन इज द एक्झाम?’ला कोणी नुसतं ‘मंडे’ म्हटलं तरी ‘व्हेन’ सर्वनाम होत नाही. ‘व्हाय’ला तर उत्तर म्हणून ‘बिकॉज’ने सुरू होणारं अख्खं वाक्य येतं. उत्तर देणारा माणूस कसंही उत्तर देऊ शकतो. जात प्रश्नाच्या रचनेत ठरते.

आता एकेका शब्दाकडे. ‘हू’ सगळ्यात सरळ, कारण ते सर्वनामाशिवाय दुसरं काही होत नाही. ‘हू बॉय’, ‘हू पर्सन’ असं म्हणता येत नाही. तिथे ‘व्हिच’ किंवा ‘व्हॉट’ लागतं. ‘हू’ कर्त्याच्या जागी असेल तर ‘डिड’ची गरज नसते: ‘हू कॉल्ड हर?’ म्हणजे तिला फोन कोणी केला. ‘हू डिड शी कॉल?’ म्हणजे तिने फोन कोणाला केला. पहिल्यात कर्त्याची जागा मुळातच पुढे आहे, काही हललेलं नाही, म्हणून सहायक क्रियापद बोलवावं लागत नाही. ‘हू डिड ब्रोक द विंडो?’ या नेहमीच्या चुकीचं मूळ हेच: कर्त्याबद्दलच्या प्रश्नावर कर्माच्या प्रश्नाचा साचा लावलेला असतो, शिवाय ‘डिड’पुढे भूतकाळी रूपही ठेवलेलं असतं.

कर्माच्या जागी व्याकरणाने ‘हूम’ हवं. पण रोजच्या इंग्रजीत ‘हू डिड यू मीट?’ पूर्णपणे रूढ आहे आणि ते चूक म्हणून लाल शाईने खोडण्यात अर्थ नाही. शब्दयोगी अव्यय पुढे आणलं, तर मात्र ‘हूम’ला पर्याय नाही: ‘टू हूम डिड यू स्पीक?’. अव्यय शेवटी राहिलं की ‘हू डिड यू स्पीक टू?’ चालतं. खरी फजिती होते ती जास्त शुद्ध लिहायला जाणाऱ्यांची. ‘हूम डू यू थिंक विल विन?’ हे वाक्य पाहा. दिसायला भारदस्त आहे, पण चूक आहे. मोडून बघा: ‘यू थिंक ... विल विन’. रिकामी जागा ‘विल विन’च्या आधी आहे, म्हणजे कर्त्याची. तिथे ‘ही विल विन’ येतं, ‘हिम विल विन’ येत नाही. म्हणून ‘हू डू यू थिंक विल विन?’. मधलं ‘डू यू थिंक’ बघून ‘हू’ हे ‘थिंक’चं कर्म आहे असा भास होतो, एवढंच.

‘हू’ कर्ता असेल तेव्हा क्रियापद एकवचनी ठेवायचं, येणारे दहा जण असले तरी: ‘हू इज कमिंग?’. ‘हू आर दीज पीपल?’ हा त्याला अपवाद वाटतो, पण तिथे कर्ता ‘दीज पीपल’ आहे आणि ‘हू’ पूरक, म्हणजे ‘आर’सारख्या क्रियापदाबरोबर येऊन कर्त्याची ओळख पुरी करणारा शब्द. पूरक असलं तरी जात सर्वनामाचीच, कारण कर्ता, कर्म, पूरक ही कामं आहेत, जाती नव्हेत. या दोन गोष्टी एकत्र केल्या की उत्तरपत्रिकेत ‘हू – कर्ता’ असं लिहिलं जातं आणि विचारलेलं असतं शब्दाची जात.

‘हूज’ दोन्हीकडे चालतं. ‘हूज बॅग इज धिस?’ मध्ये डिटर्मिनर, ‘हूज इज धिस बॅग?’ मध्ये सर्वनाम. लिहिताना याची ‘हू इज’च्या संक्षेपाशी गल्लत होते, कारण उच्चार एकच. संक्षेपात वर लोपचिन्ह असतं, मालकी दाखवणाऱ्या ‘हूज’मध्ये नसतं आणि त्याच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर असतं. शंका आली तर ‘हू इज’ किंवा ‘हू हॅज’ असं पूर्ण उच्चारून पाहा. अर्थ लागला तर लोपचिन्ह द्यायचं.

‘व्हॉट’ आणि ‘व्हिच’ यांना नामाआधी विशेषण म्हणावं की डिटर्मिनर, यावर बरीच माणसं अडून बसतात. जुन्या शालेय परंपरेत नामाआधी येणारं सगळं विशेषणात जमा व्हायचं, म्हणून ‘प्रश्नार्थक विशेषण’. आधुनिक व्याकरणात त्यांना वेगळं काढलं, आणि त्याला सबळ कारण आहे. ‘बिग’सारखं खरं विशेषण ‘द’नंतर येतं, ‘माय’नंतर येतं, त्याला ‘व्हेरी’ लागतं, ‘बिगर’ होतं. ‘व्हिच’ला यातलं काहीच जमत नाही. ‘द व्हिच बुक’ नाही, ‘माय व्हिच बुक’ नाही, ‘व्हेरी व्हिच’ तर नाहीच. ते ‘द’ आणि ‘माय’ यांच्याच जागेवर येतं, म्हणून एका नामाआधी दोन्ही एकत्र येत नाहीत. आणि विशेषणाला ते आपल्यानंतर जागा देतं: ‘व्हिच बिग बुक’. मला डिटर्मिनर हे नाव जास्त बरोबर वाटतं. पण परीक्षेत तुमचं पाठ्यपुस्तक जो शब्द वापरतं तोच लिहा. जागा एकच आहे, नावं दोन आहेत.

डिटर्मिनर आणि त्याचं नाम हा एकच तुकडा असतो, हे विसरलं की वाक्य तुटतं. ‘व्हिच डिड शी बाय बुक?’ चूक, कारण ‘व्हिच’ एकटंच पुढे गेलं आणि ‘बुक’ मागे राहिलं. दोघांनाही पुढे न्यायचं: ‘व्हिच बुक डिड शी बाय?’. सर्वनाम असेल तर एकटं जातं. म्हणजे जात ओळखण्याची ही आणखी एक खूण: शब्दाला स्वतःबरोबर नाम ओढत न्यावं लागतंय का?

दोघांतला फरक असा की पर्याय समोर ठरलेले असतील तर ‘व्हिच’, मोकळा प्रश्न असेल तर ‘व्हॉट’. ‘ऑफ’ची रचना फक्त ‘व्हिच’ला मिळते: ‘व्हिच ऑफ दीज इज युअर्स?’. ‘व्हॉट ऑफ दीज’ चूक. माणसांबद्दल विचारतानाही ‘व्हिच ऑफ यू’ असंच म्हणतात, आणि तिथलं ‘व्हिच’ सर्वनाम आहे. ‘व्हिच वन’ मध्ये मात्र ‘वन’ सर्वनाम आहे आणि ‘व्हिच’ पुन्हा डिटर्मिनर. ‘व्हॉट काइंड ऑफ बुक’ मध्ये ‘व्हॉट’ हे ‘काइंड’चं डिटर्मिनर आहे, ‘बुक’चं नव्हे.

‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’ ही क्रियाविशेषणं. ती कर्ता होत नाहीत, म्हणून ‘बी’ वगळता बाकी क्रियापदांबरोबर सहायक क्रियापद टाळता येत नाही: ‘व्हाय शी लेफ्ट?’ नाही, ‘व्हाय डिड शी लीव्ह?’. ‘व्हेअर’मध्ये ‘कडे’ आणि ‘मध्ये’ आधीच सामावलेलं असतं. त्यामुळे ‘व्हेअर आर यू गोइंग?’ला ‘टू’ लागत नाही आणि ‘इन व्हेअर’ म्हणता येत नाही. ‘पासून’चा अर्थ मात्र त्यात नाही, म्हणून ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ मधलं ‘फ्रॉम’ गाळलं तर प्रश्नच बदलतो. इथे आणि ‘सिन्स व्हेन’मध्ये हे शब्द शब्दयोगी अव्ययाला जोडून नामासारखं काम करतात, काही शब्दकोश अशा ‘व्हेन’ला सर्वनाम म्हणून वेगळी नोंद देतात. याउलट ‘व्हॉट फॉर?’ मध्ये अर्थ ‘का’ असला तरी ‘व्हॉट’ हे ‘फॉर’ला जोडलेलं सर्वनाम आहे. अर्थ बघून जात लिहिणारे इथे हमखास फसतात.

गंमत म्हणजे ‘व्हाय’ मुळात ‘व्हॉट’चंच विभक्तिरूप होतं. सुमारे 1100 पर्यंतच्या जुन्या इंग्रजीत या सर्वनामाला करण विभक्ती होती, ‘कशाने’ अशा अर्थाची. विभक्ती गळून पडल्या आणि हे रूप स्वतंत्र क्रियाविशेषण म्हणून उरलं. ‘हूम’ हे तिथल्याच चतुर्थीच्या रूपाचं वंशज.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते ‘हाऊ’. त्याची कामं तीन. क्रियापदाला जोडून रीत विचारणं: ‘हाऊ डिड यू ओपन इट?’. विशेषणाला किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाला जोडून प्रमाण विचारणं: ‘हाऊ टॉल’, ‘हाऊ ऑफन’. आणि ‘हाऊ आर यू?’ सारख्या वाक्यात पूरकाच्या जागी येऊन स्थिती विचारणं. तिसऱ्यात उत्तर ‘फाइन’ म्हणजे विशेषण असतं, तरी शब्दकोश ‘हाऊ’ला क्रियाविशेषणच म्हणतात. इथे काम विशेषणाचं आणि नाव क्रियाविशेषणाचं अशी ओढाताण आहे, हे मान्य करावं लागतं. परीक्षेत क्रियाविशेषण लिहा.

प्रमाणाच्या ‘हाऊ’लाही तुकड्याचा नियम लागू आहे. ‘हाऊ इज ही टॉल?’ चूक, ‘हाऊ टॉल इज ही?’ बरोबर. ‘किती उंच’वरून ‘हाऊ मच टॉल’ करणारे पुष्कळ. ‘टॉल’सारख्या साध्या विशेषणाआधी ‘मच’ बसत नाही, तिथे ‘हाऊ’ थेट लावायचं. तुलनेचं रूप आलं की ‘मच’ लागतं: ‘हाऊ मच टॉलर’. ‘हाऊ मेनी बुक्स’ मध्ये दोन शब्दांना एकच लेबल लावू नका: ‘मेनी’ डिटर्मिनर आहे आणि ‘हाऊ’ त्या ‘मेनी’चं प्रमाण विचारणारं क्रियाविशेषण.

‘हाऊ’ आणि ‘व्हॉट’ यांची अदलाबदल हीही जातीचीच चूक आहे. ‘हाऊ डज इट लुक लाइक?’ घ्या. यातलं ‘लाइक’ शब्दयोगी अव्यय आहे, त्याला पुढे नाम किंवा सर्वनाम हवं. ‘हाऊ’ क्रियाविशेषण असल्याने ती जागा भरू शकत नाही. म्हणून एक तर ‘व्हॉट डज इट लुक लाइक?’, नाही तर ‘लाइक’ काढून ‘हाऊ डज इट लुक?’. तसंच ‘तुला कसं वाटतं?’वरून आलेलं ‘हाऊ डू यू थिंक?’. मत विचारायचं असेल तर ‘थिंक’ची कर्माची जागा भरायला सर्वनाम हवं: ‘व्हॉट डू यू थिंक?’. ‘फील’ला मात्र ‘हाऊ’ चालतं, कारण त्याला पूरक हवं असतं.

इथवर सगळे शब्द खरोखर प्रश्न विचारत होते. हेच शब्द प्रश्न न विचारताही येतात, आणि तिथे जात बदलू शकते.

अप्रत्यक्ष प्रश्नात जात तीच राहते, फक्त सहायक क्रियापद कर्त्यापुढे उडी मारत नाही: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज’. ‘व्हेअर इज ही’ हा क्रम इथे चूक. ज्या प्रश्नाला ‘हो-नाही’ उत्तर असतं तो अप्रत्यक्ष करताना ‘व्हेदर’ किंवा ‘इफ’ येतं. त्यांना मूळ वाक्यात भरायला कुठली रिकामी जागाच नसते, म्हणून ती उभयान्वयी अव्ययं.

एखाद्या नामाचं वर्णन करायला आले, तर हे शब्द संबंधी होतात. ‘द मॅन हू केम’ मध्ये ‘हू’ संबंधी सर्वनाम, ‘द हाऊस व्हेअर शी लिव्ह्ज’ मध्ये ‘व्हेअर’ संबंधी क्रियाविशेषण. त्याच्या जागी ‘इन व्हिच’ घालता येतं. या गटात ‘हाऊ’ला आणि ‘व्हॉट’ला प्रवेश नाही. ‘द वे हाऊ ही टॉक्स’ चूक, ‘एव्हरीथिंग व्हॉट आय हॅव’ चूक. पहिल्यात ‘हाऊ’ गाळा, दुसऱ्यात ‘दॅट’ घाला. ‘व्हॉट’ आपलं नाम स्वतःच्या पोटात घेऊन येतं: ‘ही गॉट व्हॉट ही वॉन्टेड’, म्हणजे ‘द थिंग दॅट ही वॉन्टेड’. हे ‘व्हॉट’ आणि ‘आय आस्क्ड व्हॉट ही वॉन्टेड’ मधलं प्रश्नार्थक ‘व्हॉट’ दिसायला सारखेच. ओळखायला ‘एल्स’ लावून पाहा. ‘आय आस्क्ड व्हॉट एल्स ही वॉन्टेड’ बिनदिक्कत चालतं, ‘ही गॉट व्हॉट एल्स ही वॉन्टेड’ चालत नाही. या दोन ‘व्हॉट’पैकी ‘एल्स’ प्रश्नार्थकालाच लागतं.

‘व्हॉट अ गोल!’, ‘हाऊ फास्ट शी रन्स!’ ही उद्गारवाक्यं. पहिल्यात ‘व्हॉट’ हे ‘अ’च्याही आधी येणारं डिटर्मिनर, दुसऱ्यात ‘हाऊ’ प्रमाणाचं क्रियाविशेषण. कर्ता-क्रियापदाचा क्रम साध्या वाक्याचा. नुसतं ‘व्हॉट!’ म्हणजे केवलप्रयोगी अव्यय, आणि ‘द हाऊ अँड द व्हाय’ मध्ये दोन्ही चक्क नामं.

राहता राहिलं ‘व्हेन’चं उभयान्वयी रूप, आणि इथे जात चुकली की काळही चुकतो. ‘टेल मी व्हेन ही विल कम’ आणि ‘टेल मी व्हेन ही कम्स’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिलं म्हणजे ‘तो कधी येईल ते सांग’. ‘व्हेन’ हे प्रश्नार्थक क्रियाविशेषण, पुढचं वाक्य ‘टेल’चं कर्म, त्यामुळे ‘विल’ येतं. दुसऱ्याचा सहज लागणारा अर्थ ‘तो आला की मला सांग’. इथे ‘व्हेन’ दोन वाक्यं जोडतं, ते उभयान्वयी अव्यय आहे, आणि अशा कालवाचक वाक्यात भविष्याची गोष्ट असली तरी ‘विल’ येत नाही. ‘कॉल मी व्हेन यू विल रीच’ ही चूक इथूनच येते. शंका असेल तेव्हा ‘व्हेन’पासूनचा भाग उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. ‘व्हेन ही कम्स, टेल मी’ सहज बसतं, म्हणजे उभयान्वयी. ‘व्हेन ही विल कम, टेल मी’ अडखळतं, म्हणजे तो भाग ‘टेल’चं कर्म आहे आणि ‘व्हेन’ प्रश्नार्थक.